खेकड्याचं नाव

ठाण्याच्या खाडीतून आणलेला खेकडा ताटलीत उताणा पडलाय. पोटाची झडप चिंचोळी, म्हणजे नर. सुईने ती झडप उचलली की खाली जननावयवांची जोडी दिसते. तिच्या टोकाच्या आकारावरून जात ठरवायची. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून तिवरांच्या चिखलात उतरायचं आणि नमुना अल्कोहोलमध्ये टाकायचा, हे पंचवीस वर्षांपूर्वीही असंच होतं. बदललंय ते त्यानंतरचं काम.

तेव्हा एका वर्णनासाठी शनिवार मोडायचा. डोंबिवलीहून फास्ट लोकल, मुंबईतलं ग्रंथालय, धुळकट बांधीव खंड आणि मोजकीच झेरॉक्स. आल्फ्रेड अल्कॉकने भारतातल्या या खेकड्यांवर १९०० साली लिहिलेलं प्रकरण आज 'बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी'त चहा निवायच्या आत उघडतं.

अल्कॉक याला 'सेसार्मा' या प्रजातीत घालतो. त्या प्रजातीची नंतर बरीच फोड झाली. आजचं मान्य नाव समुद्री जीवांच्या जागतिक सूचीत, 'वर्म्स'वर, फुकट कळतं. पण टोकाच्या नेमक्या आकृत्या ज्या नव्या निबंधात आहेत, तो उघडायला तीस-चाळीस डॉलर मागतात. सव्वाशे वर्षांपूर्वीचं मोफत, परवाचं महाग! अशी नियतकालिकं संस्थांना वाचायला मिळावीत म्हणून केंद्राच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला नोव्हेंबर २०२४मध्ये मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिकं. योजना आहे केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांसाठी. ठाणे-कल्याण-डोंबिवलीतली बरीच महाविद्यालयं मात्र खासगी शिक्षणसंस्थांची. मग आम्ही लेखकालाच ईमेल करतो. बहुतेक जण पाठवतात.

शनिवार वाचला, हे खरंच. सगळं हाताशी आल्यावर वाचनही रुंदावेल असं वाटतं. पण समाजशास्त्रज्ञ जेम्स इव्हान्स यांनी २००८मध्ये ३.४ कोटी निबंध तपासले, तेव्हा उलटंच दिसलं: नियतकालिकं ऑनलाइन येत गेली तसे संदर्भ अधिक ताजे आणि मोजक्याच निबंधांचे होत गेले. मला ते पटतं. ग्रंथालयात हवं ते पान शोधताना एकदा पुढच्या पानावरच्या खेकड्याकडे नजर गेली आणि माझा नमुना तोच निघाला. दोन महिने चुकीचं नाव लावून बसलो होतो. 'सर्च' मात्र थेट मागितलेल्या ओळीवर नेऊन सोडतो. म्हणून आता पडद्यावरही मागची-पुढची चार पानं वाचायची, असा नेम केलाय.

आजही वाचली. चिठ्ठीवर पेन्सिलीने प्रजाती लिहिली, जातीच्या जागी प्रश्नचिन्ह काढलं आणि बाटलीचं झाकण लावलं. ईमेलचं उत्तर यायचंय.