सॅन दिएगोचे बर्गर

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, पॅसिफिकच्या काठावर वसलेल्या सॅन दिएगोत बर्गरसाठी पहिले नाव निघते ते ओशन बीच भागातील ‘होडॅड्स’चे. १९६९ साली सुरू झालेले हे उपाहारगृह आज न्यूपोर्ट ॲव्हेन्यूवर आहे; भिंती गाड्यांच्या नंबरप्लेटांनी भरून गेलेल्या. लाटांवर न उतरता किनाऱ्यावर नुसता मिरवणारा तो ‘होडॅड’, असा सर्फिंगच्या बोलीतला अर्थ. इथला बर्गर इतका उंच, की कागदात गुंडाळूनच हाती येतो. पॅसिफिक बीच भागातील ‘रॉकीज क्राउन पब’ मात्र बर्गर, फ्राइज आणि पेये यांपलीकडे फारसे काही ठेवत नाही. ‘जॅक इन द बॉक्स’ ही बर्गरची साखळीही १९५१ साली याच शहरात सुरू झाली. थाटमाटासाठी होडॅड्स, निखळ मांसाच्या चवीसाठी रॉकीज.