डोकं कुठं उगवायचं?

डबक्यातल्या पाणवनस्पतीला चिकटलेला हायड्रा हा प्राणी जेमतेम काही मिलिमीटरांचा. १७४०च्या दशकात निसर्गअभ्यासक अब्राहम ट्रेंब्लेनं हॉलंडमध्ये त्याचे आडवे दोन तुकडे केले. वरच्याला बूड फुटलं, खालच्याला डोकं. जागा चुकली नाही! पण तुकड्याला वर कुठलं, खाली कुठलं हे कळतं कसं?

१९०९ मध्ये जीवशास्त्रज्ञ एथेल ब्राऊननं एका हायड्राच्या तोंडाजवळची इवलीशी ऊती दुसऱ्याच्या कुशीत बसवली. तिथं चक्क नवं डोकं, नवं धड उगवलं. जीवशास्त्रात इतका साधा आणि देखणा प्रयोग मला क्वचितच भेटला आहे. त्या ऊतीच्या ताकदीचं मूळ पुढं ‘विंट’ जनुकांत सापडलं. तोंडाच्या टोकाशी ही जनुकं जागी असतात. त्यांची प्रथिनं शेजारच्या पेशींना निरोप देतात, ‘डोकं इथं.’

पिल्लू होतानाही तेच. खाणंपिणं भरपूर असलं की हायड्राला जोडीदार लागत नाही. अंगावर कोंब येतो, आणि जिथं तो येणार तिथं विंट आधीच जागं झालेलं असतं. मग तोंड, सोंडेसारखे धागे, आणि काही दिवसांत पिल्लू सुटं होतं.

विंटच्याच कुळातली जनुकं आपल्या गर्भाचीही पुढची-मागची बाजू ठरवण्यात हातभार लावतात.