झालं बाई, आता काय करू?

तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी चालू आहे. फळ्यावर वीस गणितं. बाकीच्यांचा तारीख-वार लिहून होतोय तोवर एक वही टेबलावर येते, वीसच्या वीस बरोबर. "झालं बाई, आता काय करू?" चाळीस मुलांच्या वर्गात या प्रश्नाची उत्तरं ठरलेली असतात: आणखी वीस कर, नाहीतर बाकीच्यांच्या वह्या तपास, नाहीतर हाताची घडी, तोंडावर बोट. पहिलं उत्तर म्हणजे काम लवकर संपवल्याची शिक्षा. दुसऱ्यात मान आहे, पण शिकणं नाही. तिसऱ्याबद्दल काय बोलायचं! वजाबाकी सावकाश केलेलीच बरी, हे मुलाला लवकरच उमगतं. मग दिवाळीनंतरच्या पालकसभेत त्याच मुलाबद्दल ऐकायला मिळतं, 'हुशार आहे हो, पण वर्गात लक्षच नसतं.'

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लीटा हॉलिंगवर्थ यांचं अतिबुद्धिमान मुलांवरचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, 1942 मध्ये आलं. त्यांचा हिशोब असा होता की, 140 बुद्ध्यंकाच्या मुलाचा साध्या प्राथमिक शाळेत निम्मा वेळ वाया जातो आणि 170 च्या पुढच्याचा जवळजवळ सगळाच. पण वेळ जातो याचं मला तितकंसं वाटत नाही. लहानपणी थोडा वेळ वाया गेलेला बरा असतो. खरं नुकसान वेगळं आहे. असं मूल चौथीपर्यंत कुठेच अडत नाही. अडल्यावर काय करायचं, पाटी पुसून परत कसं बसायचं, 'मला येत नाही' हे न लाजता कसं म्हणायचं, याची त्याला सवयच लागत नाही. मग सातवी-आठवीत बीजगणितात पहिल्यांदा गाडी अडते आणि ते समजून बसतं की आपली हुशारी संपली.

यात घरच्या कौतुकाचाही हात असतो. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरॉल ड्वेक यांनी 1998 मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. कोडी सोडवल्यावर काही मुलांना 'तू हुशार आहेस' म्हटलं, काहींना 'तू मेहनत घेतलीस' म्हटलं. पुढे हुशारीचं कौतुक झालेल्या मुलांनी सोपं काम पसंत केलं, अवघड कोड्यांपाशी ती लवकर खचली आणि स्वतःचे गुण सांगताना त्यातली बरीच चक्क खोटं बोलली. हुशारी मेहनतीने वाढते या विचाराचा पुढे मोठा बाजार झाला, आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तो शिकवणाऱ्या धड्यांचा परिणाम बेताचाच दिसला. तरी पाहुण्यांसमोर 'आमचा आर्यन म्हणजे कॉम्प्युटर आहे' म्हणणाऱ्या आजोबांना मी तो प्रयोग सांगेन.

आपल्याकडचा हमखास उपाय म्हणजे परीक्षा. स्कॉलरशिप, प्रज्ञाशोध, ऑलिंपियाड. दुसरीपासून गाईड आणि गोल रंगवायचा सराव. स्कॉलरशिपने खेड्यापाड्यातल्या कितीतरी मुलांना वाट दाखवली, हे कुणी नाकारणार नाही. पण त्या परीक्षेची घडण पाहा: एका पेपरात 75 प्रश्न, 90 मिनिटं. एका प्रश्नाला सव्वा मिनिटही येत नाही. तिथे अडलात तर प्रश्न सोडून पुढे जायचं, हेच क्लासमध्ये शिकवतात आणि परीक्षेपुरतं ते बरोबरही आहे. म्हणजे ज्या मुलाला थांबायला शिकवायचं, त्याला आपण आणखी पळवतो.

मग बाईंनी करायचं काय? पहिली गोष्ट फुकटची आहे: कमी करणं. वीसपैकी सर्वांत अवघड पाच आधी द्यावीत. ती बरोबर आली तर उरलेली पंधरा माफ. अमेरिकेत जोसेफ रेन्झुली आणि सॅली रीस यांनी याच धर्तीची पद्धत मांडली. पण माफ केलेल्या वेळात पुढच्या इयत्तेचं पुस्तक देऊ नये, असं माझं मत. पुढच्या वर्षी तेच मूल तेच पुस्तक घेऊन दुप्पट कंटाळेल. त्याच धड्यात खोल उतरता येतं.

देवळालीच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर याच हातच्याच्या वजाबाकीतून जगाच्या गणितात पोहोचले. तीन अंक घ्या, सगळे सारखे नकोत. समजा 3, 5, 2. त्यांची मोठ्यात मोठी संख्या 532, लहानात लहान 235. वजाबाकी 297. आता त्याच अंकांचं पुन्हा तेच: 972 वजा 279, 693. मग 963 वजा 369, 594. मग 954 वजा 459, 495. पुढे कितीही करा, 495 हलत नाही. कुठलेही अंक घ्या, फार तर सहा पायऱ्यांत इथेच येता.

वीस गणितांच्या सातव्या मिनिटाला वही घेऊन येणारं मूल इथे मात्र डोकं खाजवतं. आधी त्याला वाटतं आपलंच चुकलं. मग ते शेजाऱ्याचे अंक मागतं. 211 घेतलं की उत्तर येतं 99. आता पुढे शून्य लिहायचं की नाही, यावर भांडण होतं (लिहायचं). आणि कुणीतरी विचारतंच, "बाई, मधे सारखा नऊच का येतो?" उत्तर त्याच दिवशीच्या धड्यात आहे. दोन्ही संख्यांत मधला अंक एकच. एककासाठी वरच्या दशकातून एक घेतला, की तो खालच्यापेक्षा एकाने कमी पडतो, म्हणून त्याला शतकाकडे हात पसरावा लागतो आणि उरतात नऊ. हे ज्याला स्वतःहून सुचलं त्याला हातचा कळला, नुसता जमला नाही. बाईंनी सांगून टाकू नये, चार दिवस लागले तरी लागू द्यावेत. त्यानंतर चार अंकांचा खेळ आहेच. तिथे सगळे 6174 ला येऊन थांबतात.

पुढचं पुस्तक देणं वेगळं आणि वरच्या वर्गाची संगत वेगळी. गंमत म्हणजे जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत ती आपोआप घडते. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता, त्यामुळे दुसरीतल्या चुणचुणीत पोरीच्या कानावर चौथीचा अपूर्णांक पडतो आणि गुरुजींच्या आधी ती उत्तर देते. शहरातल्या शाळेला हे मुद्दाम करावं लागेल: गणिताच्या तासापुरतं त्या मुलाला वरच्या वर्गात बसवणं. अख्खी इयत्ता गाळण्याबाबत परदेशातला अनुभव भीती वाटते त्यापेक्षा बराच चांगला आहे, पण आपल्या शिक्षणहक्क कायद्याचा रोख वयानुरूप इयत्तेवर. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीची निवडक मुलांची प्रशाला पाचवीपासून, नवोदय सहावीपासून. पहिली ते चौथीचा भार वर्गशिक्षिकेवरच येतो.

आणि निवड करायला घाई नको. कॅलिफोर्नियात लुईस टर्मन यांनी 1921 मध्ये बुद्ध्यंक मोजून हुशार मुलं वेचली. चाचणी देऊनही विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ त्यांच्या यादीत बसले नाहीत. दोघांनाही पुढे पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. म्हणून तो 495 चा कागद 'हुशार मुलं' नावाच्या फाइलीत नको, भिंतीवर लावावा. पहिल्या दिवशी पहिल्या नंबरवाले धावतीलच. तिसऱ्या आठवड्यातही त्यावर कोण खेळतंय, ते बाईंनी बघावं.