जपानी आरमाराच्या विमानास्त्रांवरील आंकडे

जपानी आरमाराचीं विमानें जीं अस्त्रें टाकीत, त्यांच्या नांवांत '९१ प्रकार', '९९ प्रकार' असे आंकडे येतात. हे अनुक्रमांक नव्हेत, व इसवी सनाचे शेवटचे अंकही नव्हेत. आम्हीं स्वतः एका टिपणांत ९१ म्हणजे १८९१ समजून चूक केली होती. ती येथें दुरुस्त करितों.

सम्राट् जिम्मूचें राज्यारोहण परंपरेनें इ. स. पू. ६६० मध्यें मानिलें जातें. तेथून मोजलेल्या शकाप्रमाणें इ. स. १९३१ म्हणजे २५९१; शतकें गाळून उरले ९१. राजतरंगिणींतील लौकिक कालही असाच शतकें गाळून लिहिलेला असतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. २६०० सालीं (इ. स. १९४०) मात्र शून्यच उरलें. तेव्हां आरमारानें आपल्या लढाऊ विमानास 'शून्य प्रकार' म्हटलें, तर भूसेनेनें त्याच वर्षाच्या आपल्या विमानांस १०० हा आंकडा दिला!

ही पद्धति इ. स. १९२९ च्या सुमाराची. त्यापूर्वीं राजवटीचें वर्ष घालीत. 'सहावें वर्ष' या नांवाचा पाणतीर तैशो राजवटीच्या ६ व्या वर्षाचा, म्हणजे १९१७ चा. यास्तव आंकडा कोणत्या गणनेचा हें आधीं ठरविल्यावांचून कालनिर्णय करूं नये. पेशवे दफ्तरांत शुहूर सनाशीं झगडलेल्यांस हें निराळें सांगणें नलगे.

बाँबच्या नांवांत तीन आंकडे असत. ९९–८०–५ यांत ९९ म्हणजे २५९९ (इ. स. १९३९), ८० हें वजन, पण दहा किलोग्रॅमच्या मापानें, म्हणून सुमारें ८०० किलो, आणि ५ ही चिलखतभेदी जातीची खूण. हा बाँब मुळांत बाँब नव्हताच. नागातो वर्गाच्या युद्धनौकांच्या ४१ सेंटिमीटर तोफांचे गोळे कांतून, शेपूट जोडून तो सिद्ध केला. ७ डिसेंबर १९४१ रोजीं पर्ल हार्बरवर ४९ विमानांनीं प्रत्येकीं एक असा तो सुमारें ३,००० मीटर उंचीवरून टाकिला. त्यानेंच 'ॲरिझोना' फुटली व तिच्यावरील १,१७७ माणसें मेलीं. त्याच दिवशीं ४० विमानांनीं ९१ प्रकारचे पाणतीर सोडले. तेथें पाणी अवघें १२ मीटर खोल, म्हणून पाणतीर तळांत रुतूं नये यासाठीं त्यांस लांकडी पंख बसविले होते.

अमेरिकन 'मार्क १३' पाणतीर सेवेंत आला १९३८ सालीं; तेथें १३ हा निव्वळ अनुक्रमांक होय. जपानी यादींत '१ प्रकार' आढळल्यास मात्र २६०१, म्हणजे इ. स. १९४१ समजावें.