रेडिओचा परवाना

रत्नागिरीत १९७७ साली आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. त्या काळी घरात नुसता रेडिओ असून भागत नसे, परवान्याचे पुस्तकही लागे. पोस्टात अर्ज करायचा, वर्षाची फी भरायची. ही फी साधारणपणे १५ रुपये असे. मग पुस्तकात तिकिटे लागत, त्यांवर शिक्का बसे आणि पुढल्या वर्षी पुन्हा पोस्टाची पायरी चढावी लागे. तपासनीस आला तर त्याच्यापुढे हेच पुस्तक धरायचे.

फी ऐकण्याची म्हटली, तरी कायद्याने धरले होते ते यंत्राला. त्याला कारण होते. प्रक्षेपण करणारे यंत्र लहरी सोडते, म्हणून त्याचा माग काढता येतो. रेडिओ त्या फक्त टिपतो. कुणाच्या माजघरात कार्यक्रम ऐकला जातोय, हे केंद्राला कळणार कसे?

मुंबईत १९२७ साली सुरू झालेल्या इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीला हीच अडचण भोवली. परवाना वर्षाला १० रुपयांचा आणि त्यातला मोठा वाटा कंपनीचा. पण १९३० पर्यंत साऱ्या देशात आठ हजारही परवाने झाले नाहीत आणि कंपनी बुडाली. १८८५च्या तार कायद्यात नुसता रेडिओ बाळगणे हा गुन्हा नव्हता, त्यामुळे चुकवणाऱ्यांना धरणे अवघड होते. ही फट १९३३च्या वायरलेस कायद्याने बुजवली. विनापरवाना संच जवळ असला की पहिल्यांदा १०० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडल्यास २५०. यंत्र ‘वापरता येण्याजोगे’ असले तरी पुरे. म्हणजे सेल उतरले म्हणून सुटका नाही. संच ज्याच्या ताब्यातल्या जागेत सापडेल, त्याच्याकडेच तो आहे असे न्यायालय गृहीत धरू शके. घरमालकावर हा भार टाकणे मला कठोर वाटते.

ट्रान्झिस्टर आले आणि हा हिशेब विस्कटला. पेटी भिंतीजवळून उठून शेताच्या बांधावर, होडीत गेली. तिच्यामागे माणूस किती धावणार? १९८० नंतर काही वर्षांतच रेडिओ-टीव्हीची परवाना फी बंद झाली.

वायरलेस कायदा मात्र त्यानंतरही राहिला. त्याची जागा घेण्यासाठी २०२३चा दूरसंचार कायदा आला. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या नौकेवर ट्रान्झिस्टरवरून हवामानाची सूचना ऐकायला आज कागद लागत नाही. त्याच नौकेवरच्या व्हीएचएफ संचाला परवाना लागतो, कारण त्यातून बोलताही येते.