खिचडी खाणारे घोडे

लेखांक सातवा

मागच्या आठवड्यात आपण आक्षीच्या शिलालेखापाशी होतो. तिथून रस्ता नागाव, चौल करत रेवदंड्याला जातो. शनिवार-रविवारी तो गाड्यांनी तुंबलेला असतो आणि बहुतेकांना काशिदची वाळू गाठायची घाई असते. रेवदंड्यात हा डांबरी रस्ता चक्क किल्ल्याच्या तटातून आत शिरतो. गाडीत बसलेल्या कितीजणांच्या ते लक्षात येतं, कोण जाणे.

चौल हे प्राचीन बंदर, टॉलेमीच्या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे, अरब त्याला सैमूर म्हणत, एवढं इथल्या प्रत्येक माहितीफलकावर सापडेल. पण बंदर नुसतं जुनं असून भागत नाही, तिथे कशाचा तरी धंदा चालावा लागतो. चौलात कापड होतं, रेशीम होतं, मसाल्याचा माल होता. तरी बहमनी आणि निजामशाही काळातलं चौल समजून घ्यायचं तर घोड्याचा लगाम धरून चालावं, असं मला वाटतं.

दख्खनच्या सुलतानांना घोडदळ हवं आणि चांगला घोडा तर इथे पैदा होत नसे. तो यायचा इराण-अरबस्तानातून, होर्मुझच्या बाजारातून, गलबतात बसून. वाटेत किती मरत, याचा हिशेब व्यापारी आधीच किमतीत धरत. जनावर इतकं मोलाचं, की त्यासाठी राजेसुद्धा चाचेगिरीत भागीदार व्हायचे. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस ठाण्याच्या राजाबद्दल लिहून ठेवलंय. चाच्यांनी जहाजं लुटावीत, बाकीचा माल खुशाल ठेवावा, घोडे मात्र राजाला द्यावेत, असा सरळ करार!

या धंद्याचं सगळ्यात जवळून दिसणारं चित्र मात्र एका रशियन माणसाने काढलं. अफनासी निकितीन, त्वेर गावचा व्यापारी. व्होल्गावरून निघाला, वाटेत लुटला गेला, कर्ज करून बसल्यामुळे रिकाम्या हाताने घरी परतायची सोय नाही, म्हणून पुढेच सरकत राहिला. १४७० च्या आसपास होर्मुझहून घोडे भरलेल्या गलबतातून मस्कत, गुजरात, खंबायत करत तो चौलात उतरला. बरोबर एक घोडा, त्याच्यावर त्याच्या हिशेबाने शंभर रूबल खर्च झालेले. म्हणजे सगळं भांडवल चार पायांवर उभं.

उतरल्या उतरल्या चौलकर त्याच्या मागे लागले. गोरा माणूस कसा दिसतो ते पाहायला जाईन तिथे गर्दी, अशी त्याची तक्रार आहे. तिथून तो पालीला गेला, मग उमर, मग जुन्नर. आठ दिवस, दहा दिवस, सहा दिवस, असा त्याने दिलेला हिशेब. आज हा प्रवास गाडीने दिवस मावळायच्या आत होतो. जुन्नरला पोचतो तोच पाऊस लागला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं तो लिहितो. नोंद अचूक आहे, हे जुन्नरकर मान्य करतील.

याच मुक्कामात त्याने पाहिलं, की या देशात घोडे जन्मत नाहीत, बैल आणि म्हशी जन्मतात. घोड्यांना हरभरा घालतात आणि साखर-तूप घालून खिचडी शिजवून चारतात. कुरणावर वाढणारं जनावर इथल्या दमट हवेत, बांधल्या जागी टिकवायचं म्हणजे असे लाड आलेच. पागेतल्या घोड्याचा खुराक मोतद्दाराच्या ताटापेक्षा चांगला असणार, यात मला शंका नाही.

आणि मग जुन्नरच्या असदखानाने तो घोडाच काढून घेतला. माणूस मुसलमान नाही असं कळल्यावर अट घातली: धर्म बदल, घोडाही देतो आणि हजार मोहराही. मुदत चार दिवसांची. निकितीन पुरता हबकला. शेवटी मुहम्मद नावाच्या एका खुरासानी खजिनदाराने रदबदली केली आणि घोडा परत मिळाला. पुढे नाताळच्या सुमारास त्याने तो बीदरला विकला. नफा काही झाला नसावा. वर्षभर खिचडी खाऊन बसलेल्या घोड्यात कसला नफा?

१९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्याच्यावर 'परदेसी' चित्रपट काढला, नर्गिस आणि बलराज साहनी त्यात होते. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचं स्मारकही आहे.

पोर्तुगीजांना हा घोड्यांचा हिशेब फार लवकर कळला. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या आरमाराशी झालेल्या लढाईत व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. त्याचं जहाज कोळ्यांनी जाळ्यांसाठी रोवलेल्या खुंटांत अडकलं होतं. (या लढाईच्या वर्णनांत तोफांचं कौतुक फार होतं, खुंटांचं कोणी करत नाही.) पुढे गोवा आणि होर्मुझ दोन्ही हाती आल्यावर घोड्यांच्या वाटेची दोन्ही टोकं त्यांच्या मुठीत आली आणि दख्खनचे सुलतान त्यांच्या दाराशी. बुऱ्हाण निजामशहाने १५२१ मध्ये रेवदंड्याला किल्ला बांधायची परवानगी दिली, ती आपल्याला समुद्रमार्गे घोडे आणता यावेत या अटीवर. तटाच्या आत आज नारळी-पोफळीच्या वाड्यांत जे सातखणी मनोऱ्यासारखे अवशेष उभे दिसतात, ते सगळं या परवानगीनंतरचं.

१५७०-७१ मध्ये त्याच निजामशाहीने या किल्ल्याला वेढा घातला आणि तो फसला.

पुढे चौल ओसरलं, त्याला कारणं अनेक. इंग्रजांनी सतराव्या शतकात इथले विणकर मुंबईला नेऊन वसवले. मराठ्यांची लढाईची तऱ्हा वेगळी होती. भीमेकाठची काटक तट्टं त्यांना पुरत आणि ती घाटावरच पैदा होत. त्यांच्यासाठी होर्मुझहून गलबत यायची गरज नव्हती. वसई पडल्यानंतर १७४० च्या तहात रेवदंडा मराठ्यांकडे आला, तेव्हा या बंदरात घोडा महाग राहिला नव्हता.

अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाब्याच्या किल्ल्यावर नेणारे घोडागाडीवाले अजून आहेत. भाडं मात्र आधी ठरवून घ्यावं. खाडीपलीकडच्या कोर्लईबद्दल, आणि तिथे आजही बोलल्या जाणाऱ्या पोर्तुगीज वळणाच्या बोलीबद्दल, पुढच्या आठवड्यात.