जुना धसका आणि चाळिशीनंतरचे हृदय

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलैला शोधकार्य थांबवावे लागले. वाचलेल्यांसाठी पुढे चौकजवळ नवी घरे बांधण्यात आली. घर पुन्हा बांधता येते, पण अशा रात्रीचा धसका मनातून लवकर जात नाही. त्या वेळी चाळिशीत असलेल्या स्त्रिया आता पाळी जाण्याच्या वयात आल्या आहेत, आणि याच वयात स्त्रीच्या हृदयाची काळजी वाढते.

दरड सर्वांना दिसली. काही आघात मात्र घराबाहेर कळतही नाहीत. दारुड्या नवऱ्याचा मार, लहानपणी झालेली जबरदस्ती, हमरस्त्यावरच्या अपघातात गेलेला मुलगा. बाई कामाला लागते, बोलत नाही. शरीर मात्र विसरत नाही.

पाळी जाताना काय होते?

आपल्याकडे साधारण ४५ ते ५० या वयात पाळी थांबते. बीजकोशातून मिळणारे इस्ट्रोजेन कमी होते. हे संप्रेरक रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर लवचिक ठेवण्यास मदत करते. ते घटले की वाहिन्या ताठर होऊ लागतात, घातक कोलेस्टेरॉल वाढते, पोटाभोवती चरबी साठते.

ज्या स्त्रीच्या मनात जुना धसका आहे, तिचे शरीर सतत सावध असते. अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल वारंवार वाढतात, झोप मोडते, रक्तदाब चढतो. म्हणजे एकीकडे संरक्षण कमी होते आणि दुसरीकडे ताण चालूच राहतो.

अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाच्या डॉ. रेबेका थर्स्टन यांनी ४० ते ६० वयाच्या, धूम्रपान न करणाऱ्या २७२ स्त्रियांची तपासणी केली. हाताला पट्टा बांधून रक्त थोडा वेळ अडवायचे, मग सोडायचे आणि रोहिणी किती फुलते ते सोनोग्राफीने मोजायचे, अशी ही पद्धत. अपत्याचा मृत्यू, नैसर्गिक आपत्ती, अपघात, मारहाण, लैंगिक छळ यांसारखे तीन किंवा अधिक आघात सोसलेल्या स्त्रियांच्या रोहिण्या कमी फुलत होत्या. २०१७ साली हे निष्कर्ष मांडले गेले. याचा अर्थ अशा प्रत्येक स्त्रीला हृदयविकार होईल असा नव्हे. पण तिने तपासणी टाळू नये, हे नक्की.

‘वयाचंच आहे’ म्हणू नका

छातीत धडधड, घाम, झोप न लागणे ही पाळी जाण्याची लक्षणे आहेत, तशीच ती धसक्याचीही असतात. कधीकधी मात्र ती हृदयाची तक्रार असते. स्त्रियांना हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखण्याबरोबर किंवा त्याऐवजी जबडा, पाठ वा खांदा दुखणे, धाप, मळमळ, एकाएकी गळून जाणे असा त्रास होऊ शकतो. अशा वेळी सोडा किंवा आल्याचा रस घेऊन वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

एरवी काय करावे?

चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. रक्तदाब व साखर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही पाहतात. पुढे गरज लागल्यास कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, कशेळे व चौक येथील ग्रामीण रुग्णालये आहेत. मिशरी व तंबाखू सोडावी, जेवणातले लोणचे, पापड, सुके खारे मासे कमी करावेत. शेतावरचे कष्ट होत असले तरी तपासणी चुकवू नये. इस्ट्रोजेनच्या गोळ्या ‘हृदयासाठी’ म्हणून आपल्या मनाने घेऊ नयेत.

आणि डॉक्टरांना एवढे जरूर सांगावे : ‘माझ्यावर असा प्रसंग आला होता, अजून झोप लागत नाही.’ तपशील सांगायलाच हवा असे नाही. दवाखान्यात बोलणे जड वाटत असेल तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही समुपदेशन विनामूल्य मिळते. घरच्या माणसांनीही, ‘झालं ते विसर’ असे सांगण्यापेक्षा, तिला तपासणीला सोबत न्यावे.